पाकीट आणि ताट

सरकार गरोदर बाईला खायला देतं, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. जव्हारकडच्या पाड्यांवर मी मुख्यसेविका म्हणून नोकरी केली. त्यामुळे या खाण्याचा इतिहास मला जीआरपेक्षा अंगणवाडीच्या ओट्यावरच जास्त कळला. तो सगळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो. दिलेलं अन्न तिच्याच पोटात जातं का?

सुकडी आमच्या थोरांना आठवते ती १९७२च्या दुष्काळातली, खडी फोडायच्या कामावर वाटलेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना देशभरात ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि गरोदर बाईचं नाव कायमचं रजिस्टरवर आलं. वर्षातले ३०० दिवस, रोज ५०० उष्मांक असा तिचा वाटा ठरला. २००९मध्ये तो ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असा वाढला. घरचं जेवण तर ती जेवतेच, त्यावर हे जास्तीचं, असा हिशेब होता.

पाड्यावर तो हिशेब कसा फसायचा, ते मी पाहिलंय. वाटपाच्या दिवशी बाई अंगठा उठवून शिरा, उपमा, सुकडीची पाकिटं पदरात घेऊन जायची. संध्याकाळी सासू ती पातेल्यात ओतायची, पाणी घालून ढवळायची आणि घरातली सगळी पोरं भोवती बसायची. चव आवडली नाही तर पीठ शेळीपुढे. सासू वाईट नसायची. समोर चार भुकेली तोंडं असताना एकटीसाठी पाकीट बाजूला ठेवणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. शिवाय ती म्हणायची, "बाई, पोटात पोर मोठं झालं तर अडंल ना." तिला अडाणी म्हणणं सोपं आहे. रात्री-अपरात्री झोळीत घालून घाट उतरायची वेळ जिच्यावर आली असेल, तिला लहान पोर परवडतं.

त्याआधी, १९९३ ते ९६ या काळात, पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची वजनं-मापं घेत होते. दिवस राहण्याआधी त्यांचं सरासरी वजन भरलं ४१.७ किलो. बाळाच्या वजनाचा संबंध नुसत्या उष्मांकांशी फारसा जुळला नाही. पालेभाजी, फळं आणि दूध खाण्याशी मात्र जुळला.

मग मुंबईच्या वस्त्यांत २००६पासून 'सारस' प्रकल्पात हेच करून पाहिलं गेलं. साडेसहा हजारांवर बायकांचे दोन गट पाडले. एका गटाला पालेभाजी, फळं, दूध घालून केलेला समोशासारखा खाऊ, दुसऱ्याला बटाटा-कांद्याचा. तो घरी न्यायचा नाही, केंद्रावर बसून खायचा, आणि तोही दिवस राहायच्या आधीपासून. २०१४मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठोस फरक नव्हता. गर्भधारणेआधी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या बायकांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जड भरली. पण सर्वांत बारीक बायकांच्या बाळांच्या वजनात तेवढीही भर पडली नाही. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांनाच ते अन्न पुरेना.

आदिवासी भागात ताट आलं २०१५च्या अखेरीस, डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना एक वेळचं गरम जेवण. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, जोडीला अंडं नाहीतर केळं. अट एकच, अंगणवाडीत बसून जेवायचं. सुरुवातीला पोरी लाजायच्या. सासू घरी उपाशी असताना सुनेनं आयतं पानावर बसावं, हे त्यांना जड जायचं. मग सेविका शेजारणी-शेजारणींना एका पंगतीला बसवायला लागल्या, तेव्हा डबा घरी नेण्याचा आग्रह हळूहळू सुटला. अंडं मात्र पुष्कळदा पदराआड जायचं, थोरल्या पोरासाठी.

या ताटालाही भोक होतंच. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जायचा, भिवंडी-वसईकडे. गरोदर बाई नवऱ्यामागून गेली की तिचं ताट रजिस्टरात राहायचं आणि ती भट्टीवर विटा वाहायची.

म्हणून मला विचाराल, तर ताट योग्यच आहे, फक्त ते उशिरा मांडलं जातं. गरोदर बाईची नोंद पहिल्या तीन महिन्यांत झालीच पाहिजे, असा धोशा आम्ही सेविकांमागे लावायचो. पण चाळीस किलोची पोर सहा-सात महिन्यांत किती भरून निघणार? जी शाळा सोडून घरी बसलीय, जिचं लग्न दोन वर्षांत ठरणार आहे, तिला आधी काट्यावर उभं करा आणि तेव्हापासूनच पंगतीला बसवा.