हजेरी आणि श्रवण



आजच्या व्याख्यानाचा विषय ठरवताना माझे मन एका शब्दापाशी थांबले. तो शब्द ‘हजेरी’. आपण सर्वांनीच या वास्तूत कधीकाळी ‘हजर’ असे उत्तर दिलेले आहे. हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इथलाच झाला. त्याच धातूचे एक क्रियापद मध्ययुगीन दमास्कसच्या हस्तलिखितांत वारंवार भेटते आणि तत्कालीन मुस्लिम समाजाच्या नित्याच्या धर्माध्ययनावर प्रकाश टाकते.

त्या काळचे शिक्षण म्हटले की मदरसा डोळ्यांपुढे येतो. परंतु अध्ययनाचा मोठा भाग मदरशाबाहेर, मशिदीत, बागेत, राहत्या घरीही चाले. पैगंबरांची वचने व आचरण सांगणाऱ्या हदीसग्रंथांचे तेथे वाचन होई. पोथी एकट्याने वाचणे पुरेसे मानले जात नसे. ज्याने ती आपल्या गुरूकडून ऐकली, त्याच्या समक्ष ती ऐकावी लागे. या श्रवणास ‘समाअ’ म्हणत. वाचन संपल्यावर पोथीच्या अखेरीस किंवा समासात नोंद होई: गुरू कोण, वाचक कोण, श्रोते कोण, स्थळ व दिवस कोणता. एखाद्याचा काही भाग चुकला असल्यास तेही लिहीत. दमास्कसमधील ११५५ ते १३४९ या काळातील अशा नोंदींची सूची १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि इतिहासग्रंथांनी कधीच दखल न घेतलेली असंख्य माणसे अभ्यासकांसमोर आली.

या नोंदींत नामवंत पंडितांच्या शेजारी शिंपी आणि सुतार आहेत; बापाबरोबर आलेली मुले-मुली आहेत; गुलामही आहेत. दमास्कसजवळ कासियून डोंगराच्या उतारावर सालिहिया नावाची वस्ती होती. क्रुसेडरांच्या अमलाखालील नाब्लुस परिसर सोडून ११५६ च्या सुमारास आलेल्या कुटुंबांनी ती वसवली. घरदार सोडून आलेल्या या मंडळींना एकत्र बांधून ठेवण्यात अशा सामुदायिक वाचनांचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. याच परंपरेतील जैनब बिन्त अल्-कमाल (१२४८–१३३९) या विदुषीकडून हदीस ऐकण्यासाठी लोक दाटी करीत. पुढे पंधराव्या शतकात याच वस्तीतील इब्न अब्दुल हादी या ग्रंथप्रेमी विद्वानाने आपल्या पोथ्यांवर मुलांची आणि घरातील स्त्रियांची नावे श्रोते म्हणून लिहून ठेवली. त्यांत बुलबुल नावाची दासीही आहे.

लहान मुलांना अशा बैठकीस नेण्यामागे एक व्यवहारही होता. पाच वर्षांच्या बालकाने ऐंशी वर्षांच्या गुरूकडून ऐकले आणि स्वतःच्या वार्धक्यात ते पुढच्या बालकास ऐकवले, तर दीड शतकाचे अंतर दोनच दुव्यांत ओलांडले जाई. परंपरेची साखळी जितकी आखूड, तितकी ती प्रतिष्ठेची. मात्र नोंद करणारे एक भेद कटाक्षाने पाळीत. पाच वर्षांखालील मूल ‘हजर होते’ असे लिहीत. त्याहून मोठ्याने ‘ऐकले’ असे लिहीत.

या चित्राला मर्यादा आहेत. श्रवणाने कोणी शास्त्रज्ञ होत नसे. अनेक जण केवळ पुण्यासाठी येत. जैनबसारख्या स्त्रियांना मान लाभला, तरी मदरशांतील वेतनी पदे सामान्यतः पुरुषांकडेच राहिली. दासीचे नाव पोथीवर चढले, म्हणून तिचे दास्य संपले असे नव्हे. तरीही समाजाने आपल्या साध्या माणसांची नावे ज्ञानाच्या कागदावर लिहावीत, ही गोष्ट मला थोर वाटते.

दमास्कसच्या अशरफिया दारुल हदीसमध्ये शिकवणारे इब्न सलाह (मृत्यू १२४५) यांनी वयाच्या या नियमाचा विचार केला आहे. पाच वर्षांचा प्रघात त्यांनी नोंदवला. परंतु खरी कसोटी आकलनाची आहे, असे ते सांगतात. मुलाला बोलणे समजत असेल आणि उत्तर देता येत असेल, तर पाचाच्या आतही त्याचे श्रवण ग्राह्य; समजत नसेल, तर पन्नाशीतल्या माणसाचेही ग्राह्य नाही.

आयुष्यभर वर्गात उभे राहून मी हजेरी घेतली. कोण हजर होते, हे मला रोज कळत असे. कोणी ऐकले, हे मात्र पुष्कळदा वीस-वीस वर्षांनी, एखादा विद्यार्थी रस्त्यात भेटला म्हणजे कळले. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो आहोत, त्या गुरुजनांचे आपण किती ऐकले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शाळेच्या पटावर आपली हजेरी आहेच. श्रवणाची नोंद आपल्या वागण्यातच व्हायची आहे.