गळलेली अट

‘आमिर खान सरदार सरोवराच्या विरोधात बोलले, म्हणून गुजरातमध्ये ‘फना’ लागला नाही.’ २००६ सालचा तो प्रसंग बहुधा अशा एका वाक्यात सांगितला जातो. त्यातला पहिला भाग कागदांवर पारखून पाहिला, तर तो टिकत नाही.

आधी तारखा लावून घेऊ. ८ मार्च २००६ रोजी नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाने धरणाची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. मार्चअखेर मेधा पाटकर दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसल्या. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सैफुद्दीन सोझ, मीरा कुमार आणि पृथ्वीराज चव्हाण हे केंद्रीय मंत्री मध्य प्रदेशातील पुनर्वसन पाहून आले आणि त्यांच्या अहवालाने त्या कामाबद्दल गंभीर शंका उपस्थित केल्या. १७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. काम थांबवण्याचा आदेश निघाला नाही. आमिर खान जंतरमंतरवर गेले ते या सुनावणीच्या आधी. म्हणजे धरण हवे की नको, हा त्या आठवड्यांतला वादच नव्हता. लोकांना आधी वसवायचे की भिंत आधी चढवायची, एवढाच प्रश्न होता.

ते तिथे नेमके काय म्हणाले? पुढे माफीची मागणी झाली तेव्हा त्यांनी स्पष्ट केले की धरणाला आपला विरोध नाही, सर्वोच्च न्यायालय जे सांगते तेच आपण सांगतो आहोत, आणि माफी मागणार नाही. हा पुरावा जपून वापरायला हवा. वाद पेटल्यानंतर माणूस स्वतःबद्दल जे सांगतो, त्याचे वजन कमी धरावे लागते. पण या खुलाशाची एक सोय आहे. त्यात न्यायालयाचे नाव घेतलेले असल्याने तो पडताळता येतो.

न्यायालयाचा निकाल १८ ऑक्टोबर २०००चा. बहुमताने धरण ९० मीटरपर्यंत लगेच बांधू दिले; त्यापुढचा प्रत्येक टप्पा पुनर्वसनाच्या प्रगतीला जोडला. त्याच्याही मागे गेलो, तर नर्मदा जलविवाद लवादाचा डिसेंबर १९७९चा अंतिम निवाडा हाती येतो. बुडिताच्या प्रत्येक टप्प्याच्या वर्षभर आधी विस्थापितांसाठी जमीन आणि घराच्या जागा तयार हव्यात, असे त्यात आहे. वादग्रस्त ठरलेली अट आमिर खान यांच्या वक्तव्यापेक्षा सव्वीस वर्षांनी जुनी आहे! जंतरमंतरवरचा प्रत्येक शब्द याने सिद्ध होत नाही, हे खरे. पण माफी टाळण्यासाठी ही अट मागाहून जोडली, हा आक्षेप मात्र उरत नाही. एप्रिलच्या बातम्यांतही त्यांचा रोख पुनर्वसनावरच दिसतो.

तरी मे महिन्यात गुजरातमध्ये ‘धरणविरोधी’ हीच प्रतिमा उभी राहिली. भाजपच्या युवा आघाडीने निदर्शने केली आणि माफीच्या मागणीत राज्यातली काँग्रेसही मागे राहिली नाही. वडोदरा जिल्ह्यात या गोष्टीला वेगळीच धार होती. नर्मदेचा मुख्य कालवा याच जिल्ह्यातून जातो. याच जिल्ह्यात, परवेटा वसाहतीत, महाराष्ट्रातल्या मणिबेलीची बुडितग्रस्त कुटुंबे येऊन राहिली. पाणी मिळालेले आणि त्या पाण्यासाठी गाव सोडलेले, दोघेही इथेच. ती अट गाळून ते वाक्य सांगितले की यांतले दुसरे लोक गोष्टीतून नाहीसे होतात. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खुपते ते हे.

तुलनेसाठी एक परदेशी प्रकरण उपयोगी आहे. १६ सप्टेंबर २००१ रोजी हॅम्बुर्गमध्ये संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन न्यूयॉर्कच्या हल्ल्याला सर्वांत मोठी कलाकृती म्हणाले, अशी बातमी जगभर गेली आणि तिथले त्यांचे कार्यक्रम रद्द झाले. ध्वनिमुद्रणावरून तयार केलेली संहिता पुढे ‘म्युझिकटेक्स्टे’ या जर्मन नियतकालिकात छापली गेली. तिच्यात ते शब्द आहेत. शिवाय, मेलेल्या माणसांची संमती नव्हती म्हणून हा गुन्हाच, असेही ते म्हणाल्याचे दिसते. तिथे पूर्ण संहितेने भयंकर वाक्याची धार थोडी कमी केली, इतकेच. आमिर खान यांच्या बाबतीत गाळलेला भाग परत जोडला, की वाक्याचा अर्थच उलटतो.

आता ‘फना’. तो २६ मे २००६ रोजी देशभर लागला, गुजरातमध्ये नाही. इथे शोध अडतो, कारण राज्य सरकारने बंदीचा आदेशच काढला नव्हता. निर्णय दिसतो तो चित्रपटगृहांच्या मालकांचा. तो तोडफोडीच्या भीतीने झाला असावा, हा माझा तर्क. पण सर्वोच्च न्यायालयाची भूमिका त्याला आधार देते. हस्तक्षेप नाकारताना न्यायालयाने, संरक्षण हवे असेल त्या चित्रपटगृहांनी पोलिसांकडे जावे, असे सुचवले. नंतर जामनगरच्या एका चित्रपटगृहाने तो दाखवला. तिथे एका तरुणाने स्वतःला पेटवून घेतले आणि त्यात तो मरण पावला. आदेश असता, तर त्याला न्यायालयात आव्हान देता आले असते आणि त्याखाली सही कोणाची, हेही विचारता आले असते.