भीमाखोऱ्यातले लोच आणि घरचे मत्स्यालय

लोच हा गोड्या पाण्यात तळाशी राहणारा लहान मासा आहे. अंग लांबट, खवले अगदी बारीक किंवा जवळजवळ नाहीतच, आणि तोंडाभोवती मिशांच्या जोड्या. वाळूत तोंड खुपसून अळ्या आणि किडे हुडकणे हा त्याचा उद्योग. बोटिया गटातल्या लोचांच्या डोळ्याखाली एक काटा असतो. घाबरला की मासा तो उभारतो आणि काटा जाळीत अडकतो. जाणते लोक म्हणूनच त्याला जाळीने न धरता भांड्याने उचलतात.

सोलापूर ज्या भीमेच्या खोऱ्यात वसले आहे, तिथल्या लोचांची शास्त्रीय नोंद जुनी आहे. मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचे काम सोपवले. त्या भटकंतीत जमवलेल्या माशांवरचा त्यांचा निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोचांच्या नव्या जाती होत्या आणि त्यांपैकी एकीचे नाव होते ‘मूरेह’. साइक्स यांनी अनेक माशांना स्थानिक बोलीतलीच नावे दिली, त्यामुळे दख्खनच्या कोळ्यांचे ज्ञान लॅटिन नावांत टिकून राहिले. ही त्या निबंधाची फार मोठी देणगी आहे. पुढे १८७२ मध्ये फ्रान्सिस डे यांनी पुण्याच्या माशांवरून ‘एव्हेझार्डी’ या लोचाचे वर्णन केले.

या नोंदी शास्त्रासाठी होत्या. लोच घरात पाळण्याची रीत मात्र युरोपात आधीच होती. हवेचा दाब उतरू लागला की तिथला एक लोच अस्वस्थ होऊन वरखाली धावतो, म्हणून वादळाची चाहूल घेण्यासाठी लोक त्याला बरणीत ठेवत. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि काचेच्या टाकीचा छंद घरोघर पसरला. महाराष्ट्रात या छंदाला मोठे निमित्त मिळाले ते १९५१ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने. त्या काळी टाकी म्हणजे लोखंडी अँगलची चौकट आणि पुट्टीने बसवलेल्या काचा. सिलिकॉन आल्यावर ती हलकी आणि स्वस्त झाली, आणि जिल्ह्याच्या गावांतही घरात टाकी ठेवणे परवडू लागले.

दुकानात ‘लोच’ म्हणून मिळतो तो बहुधा सुमात्रा-बोर्निओचा नारिंगी-काळा क्लाउन लोच किंवा गांडुळासारखा कुली लोच. सह्याद्रीतला पट्टेरी लोच, ज्याला बाजारात झेब्रा लोच म्हणतात, तोही दिसतो. सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये तुंगा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन ‘बोटिया स्ट्रायाटा’ या नावाने केले. १९५६ मध्ये कलावार आणि केळकर यांनी कोल्हापूरच्या माशांवरील लेखात त्याच्या तिथल्या प्रकाराला ‘कोल्हापुरेन्सिस’ हे नाव दिले. त्याचा पट्टेरी देखणेपणाच त्याच्या मुळावर आला. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या ३० जातींचे १५ लाखांहून अधिक मासे निर्यात झाले, आणि त्यांत मोठा वाटा असलेल्या मोजक्या जातींत हा लोच होता. आज तो जागतिक लाल यादीत संकटग्रस्त आहे. ज्या ओढ्यांतून तो धरला जातो, तिथे वाळूउपसा आणि सांडपाणी यांचाही मारा आहे. म्हणून नदीतून धरलेला झेब्रा लोच विकत घेणे टाळलेलेच बरे.

सोलापुरात लोच सांभाळणे सोपे नाही. त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले, पंचवीस अंशांच्या आसपासचे पाणी मानवते, तर इथला उन्हाळा चाळीस अंश ओलांडतो. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि तळाचा मासा वर येऊन धापा टाकू लागतो. पृष्ठभागावर पंखा सोडला तर इथल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होऊन पाणी दोन-तीन अंश उतरते. पण उडते ते फक्त पाणी, क्षार मागे उरतात. बोअरचे पाणी आधीच जड असल्याने त्यानेच भर घातली तर ते आणखी जड होत जाते. नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे सोलापूरकर ते साठवतातच. उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराच उडून जातो, आणि माशांसाठी असेच पाणी लागते. टाकीच्या तळाशी टोकदार खडीऐवजी बारीक वाळू हवी, नाहीतर मिशा झिजतात. दडायला दगडांच्या कपारी हव्यात, आणि सोबतीला पाच-सहा भाऊबंद. एकटा लोच दिवसभर लपून बसतो, खाणेही कमी करतो.

नको झालेला मासा सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याच्या जलाशयात सोडणे कटाक्षाने टाळावे. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा टाक्यांतूनच भारतातल्या अनेक जलाशयांत पोचला आहे. परका मासा तळाचे अन्न आणि अंडी घालायच्या जागा बळकावतो, आणि त्याचा पहिला फटका मूरेहसारख्या तिथल्याच तळाच्या माशांना बसतो. असा मासा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा किंवा दुकानात परत करावा.