तळेघरची वीस अक्षरं

ई-मेलच्या मूळ घडणीत चित्राला जागाच नव्हती. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पोचवण्याच्या ‘एसएमटीपी’ पद्धतीचे नियम लिहिले, ते सात बिटांत मावणाऱ्या इंग्रजी अक्षरांपुरते. फोटो सोडाच, आंबेगाव तालुक्यातल्या तळेघरचं नावसुद्धा देवनागरीत त्या टपालातून सरळ जाईना.

तोड निघाली ती वेषांतराची. जून १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांचं ‘माइम’ हे मेलला जोडण्या देणारं प्रमाण प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टीन यांनी आपल्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि गाणं मेलला जोडून धाडलं होतं. युक्ती बेस-६४ची: तीन बाइट घ्यायचे, त्यांची चार साधी अक्षरं करायची. वजन तिसऱ्या हिश्श्यानं वाढतं, पण टपालाला पत्ता लागत नाही.

मराठीला हे माप फारच चपखल बसलं. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. ‘तळेघर’मध्ये मात्रा धरून पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट, म्हणजे वीस अक्षरं. यातली प्रत्येक चौकडी चारचा आकडा आणि ‘के’ यांनीच सुरू होते!

मजकुराच्या मधोमध चित्र दाखवायला मात्र आणखी एक सोय लागली. डिसेंबर १९९५ मध्ये एडवर्ड लेव्हिन्सन यांनी ‘मल्टिपार्ट-रिलेटेड’ मांडलं: पान आणि त्याची चित्रं एकाच पुडक्यात. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं भारतात इंटरनेट सर्वांना खुलं केलं. स्वस्तातलं शेल अकाउंट घेणाऱ्यांना पडद्यावर नुसती अक्षरंच दिसत, त्यामुळे ही सोय त्यांच्या काय कामाची!

आज समजा तळेघरच्या पावसाचा आलेख पायथनच्या स्क्रिप्टनं रोज पाठवायचा आहे. आधी साधा मजकूर ठेवायचा, मग एचटीएमएल. मेल उघडणारा प्रोग्राम आपल्याला झेपेल असा शेवटचा पर्याय निवडतो. आलेखाला ‘कंटेंट-आयडी’ द्यायचा, तो कोनी कंसात. एचटीएमएलमध्ये त्याच चित्राला ‘सीआयडी’ आणि अपूर्णविराम (:) लावून हाक मारायची, ती मात्र कंसाविना. इथे चूक झाली की चित्र अडतं.

चित्र न जोडता त्याचा नुसता दुवा दिला तर काम सोपं, मेलही हलका. पण मेल कोणी कधी उघडला हे टिपायला जाहिरातवाल्यांनी अशाच दुव्यातली एका ठिपक्याची चित्रं वापरली. म्हणून अनेक मेल-प्रोग्राम बाहेरची चित्रं आधी अडवतात आणि मग विचारतात. पुडक्यातला आलेख आधीच पोचलेला असतो, त्याला बाहेर हाक मारावी लागत नाही.