वैमानिकाचे सुरक्षा-निवेदन

उड्डाणात घडलेला अपघात, थोडक्यात टळलेला अपघात किंवा स्वतःच्या हातून झालेली चूक वैमानिकाने अधिकृत यंत्रणेला कळवणे, याला सुरक्षा-निवेदन म्हणतात. काही निवेदने सक्तीची असतात. अमेरिकेत विमानाला हवेत आग लागली, नियंत्रणयंत्रणा बिघडली किंवा वैमानिक आजारी पडून काम करू शकला नाही, तर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला ताबडतोब कळवावे लागते. ही जबाबदारी विमान चालवणाऱ्या कंपनीची. स्वतःचे विमान उडवणाऱ्याला ती स्वतःच पार पाडावी लागते.

स्वेच्छेच्या निवेदनाचे मोल मात्र ९२ जीव गेल्यावर कळले. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे बोइंग ७२७ डलेस विमानतळाकडे येत असताना व्हर्जिनियातील माउंट वेदर डोंगरावर आदळले. नियंत्रकाने अप्रोचची (धावपट्टीच्या दिशेने उतरत येण्याची) परवानगी दिली, म्हणजे आता १,८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही, असे वैमानिक समजले. सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांचाही नेमका हाच गैरसमज झाला होता आणि त्यांचे विमान त्याच डोंगरावरून जेमतेम निसटले होते. त्यांनी ते कंपनीला कळवले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले; पण दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत तो इशारा पोहोचलाच नाही.

पुढच्या वर्षी संघीय विमान वाहतूक प्रशासनाने निवेदन योजना आणली. पण परवाना काढून घेणाऱ्याच्याच हाती कबुली कोण देणार? म्हणून १९७६ पासून हे काम नासाकडे गेले. माझ्या मते हाच निर्णय सर्वांत शहाणपणाचा ठरला. अर्जावरील नाव-पत्त्याची पट्टी कापून, तारखेचा शिक्का मारून वैमानिकाला परत पाठवतात; नासाकडे उरतो तो बिननावाचा मजकूर. चूक अनवधानाने झाली असेल, निवेदन १० दिवसांत दिले असेल आणि मागील ५ वर्षांत नियमभंग सिद्ध झालेला नसेल, तर ही पट्टी दाखवल्यावर दंड किंवा परवान्याचे निलंबन माफ होते. गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात यांना ही सवलत नाही.

आजवर २० लाखांहून अधिक निवेदने आली आहेत. त्यांतल्या एकाही निवेदकाची ओळख बाहेर फुटलेली नाही, असे नासा सांगते.