एका छोट्या मालमोटारीचा इतिहास

गेल्या दिवाळीत आमच्या सहा वर्षांच्या नातवाला भेट द्यावयाची म्हणून आम्ही येथील महाराजवाड्याजवळील एका दुकानात गेलो. नातवाची मागणी स्पष्ट होती : ट्रक हवा, आणि तो 'खराखुरा' हवा. दुकानदाराने काचेआडून एक प्रतिकृती काढून दाखविली. दरवाजे उघडत होते, सुकाणू फिरत होते, आरसे केसाएवढ्या काड्यांवर बसविलेले होते. खोक्यावर मात्र छापले होते की ही वस्तू चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. दुकानदाराने विचारले, "साहेब, मुलाला खेळायला हवा आहे की कपाटात ठेवायला?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांस चटकन देता आले नाही. त्याचे कारण पुढे सांगू. आधी या छोट्या वाहनांचा इतिहास पाहू.

आम्हां ग्वाल्हेरकरांना खेळणे आणि खरे वाहन यांतील अंतर फारसे वाटत नाही. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर रूळ मांडून त्यांवरून जेवणानंतरचे पेय आणि सिगार फिरविणारी शिंदे सरकारांची चांदीची आगगाडी सर्वांनी पाहिली आहे. आणि अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर धावणारी आमची 'छोटी गाडी' २०२० साली बंद होईपर्यंत पाहुण्यांना खेळणेच वाटे.

प्रमाणबद्ध मालमोटारीचा उगमही आगगाडीतच आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली 'मेकॅनो'चे पेटंट घेतले व पुढे १९२० पासून खेळण्यातल्या आगगाड्या काढल्या. या गाड्यांच्या फलाटाबाहेर उभी करण्यासाठी म्हणून १९३३च्या अखेरीस त्यांच्या कारखान्याने सहा छोटी वाहने बाजारात आणली. त्यांत एक मालमोटार होती. म्हणजे ती जन्मली ती रेल्वेची शोभा म्हणून. १९३४ साली या मालिकेस 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले. आरंभी शिसे वापरले जाई. पुढे जस्ताचा मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने ओतण्याची रीत रूढ झाली. या धातूत शिशाचा अंश राहून गेला तर काही वर्षांनी खेळणे आपोआप तडकते व भुगा होते. युद्धपूर्व काळातील कित्येक नमुने असे कपाटात बसल्या बसल्या नष्ट झाले.

दुसरी कथा लंडनची. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या मित्रांनी (आडनाव एक असले तरी ते नातेवाईक नव्हेत) १९४७ साली आपल्या नावांचे तुकडे जोडून 'लेस्नी' ही संस्था काढली. त्यांना जॅक ओडेल हा कुशल कारागीर येऊन मिळाला. ओडेलच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती. बापाने तिच्यासाठी रस्ता दाबण्याच्या रूळाची छोटी पितळी प्रतिकृती घडविली. तीतून १९५३ साली 'मॅचबॉक्स' मालिका निघाली. तिच्या पहिल्या तीन क्रमांकांवर मोटारगाडी नव्हती. होते रस्त्याचा रूळ, माती वाहणारा डंपर आणि सिमेंट कालविणारे यंत्र. ही तिन्ही कष्टाची वाहने होती.

येथे प्रमाणाविषयी दोन शब्द. ब्रिटनमध्ये खेळण्यातल्या आगगाडीसाठी फुटाला सात मिलिमीटर हे माप होते. त्यातून मोटारींसाठी एकास त्रेचाळीस हे प्रमाण रूढ झाले. मालमोटारींसाठी एकास पन्नास अधिक चालते. म्हणजे सात मीटरांचा ट्रक चौदा सेंटिमीटरांत बसतो. मॅचबॉक्सवाल्यांनी मात्र प्रमाण खोक्यावरून ठरविले. त्यामुळे त्यांचा रूळ आणि त्यांची बस यांची लांबी जवळपास सारखीच भरे. मुलांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

आपल्याकडे खरी मालमोटार अशी आली : १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर कंपनी स्थापिली, १९४५ साली आगगाडीची इंजिने बांधण्यासाठी निघालेल्या टेल्कोने १९५४ पासून जमशेदपुरास मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधले. हे सहकार्य १९६९ साली संपले. परदेशी खेळणी तेव्हा दुर्मिळ. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कलकत्त्यास आले व तेथे 'निकी' नावाने छोट्या गाड्या निघाल्या. पुढे डिंकीचा कारखाना १९७९ साली मिटला, लेस्नी १९८२ साली बुडाली, आणि मॅचबॉक्स हे नाव हात बदलत १९९७ साली मॅटेलकडे गेले.

आता आमची गोष्ट. आम्ही सात वर्षांचे असताना मुंबईच्या मामांनी आम्हांस एक मॅचबॉक्स ट्रक आणला. वडिलांनी तो दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठेवला आणि रविवारी अर्धा तास हाताळण्याची परवानगी दिली. एकदा धाकट्या भावाने तो गुपचूप काढून अंगणातील मातीत चालविला. पुढच्या कोपऱ्यावरचा रंग उडाला. आम्ही त्याला मारले. आणि वडिलांनी आम्हांस शाबासकी दिली. भाऊ पुढे तरुणपणीच गेला. ट्रक आजही आहे, खोक्यासकट. जाणकार म्हणतात की खोके शाबूत असलेल्या, न वापरलेल्या नमुन्यास मोल अधिक. तो ओरखडा नसता तर आणखी मिळाले असते. आम्ही तो विकलेला नाही. त्या ट्रकशी खरे खेळला तो एकच मुलगा, आणि त्याची तेवढीच खूण उरली आहे.

म्हणून दुकानदारास आम्ही उत्तर दिले, "खेळायला." चौदा वर्षांवरील ती नाजूक प्रतिकृती परत केली. सुट्या काड्या नसलेला, जाड पत्र्याचा, रबरी चाकांचा आणि भारतीय मानक चिन्ह असलेला ट्रक घेतला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ते चिन्ह सक्तीचे आहे, हे आजीआजोबांनी ध्यानात ठेवावे. जुना ट्रक नातवाच्या हाती दिला नाही, कारण त्या काळच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो.

नव्या ट्रकला आरसे नाहीत, अशी तक्रार नातवाने केली. मग त्यात गहू भरून तो अंगणात घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत एका बाजूचा रंग उडाला होता. तो भीत भीत आमच्याकडे दाखवायला आला. आम्ही जुना ट्रक काढून त्याला तो कोपरा दाखविला आणि सांगितले, "हा तुझ्या धाकट्या आजोबांनी चालवला होता."