बक्षीस नको, धाकही नको



आपल्या पाठशाळेत पहिल्या आलेल्या मुलाला बक्षीस मिळते आणि बाकीची हिरमुसतात. मला हे खटकते. भावनगरला १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले, तेव्हा बक्षीस आणि शिक्षा दोन्ही दूर ठेवली. चढाओढ आणि भीती नसली की मुले आपोआप एकमेकांना सांभाळून घेतात.

त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये अनुताई वाघ यांना घेऊन बोर्डीला बालवाडी सुरू केली. गरीब वस्तीतली मुले येईनात, म्हणून शिक्षिकाच तिथे गेल्या आणि अंगणातच वर्ग भरू लागला. तीच अंगणवाडी! मुलांना न्हाऊमाखू घालायचे, अंगण झाडायचे, बिया-शिंपले गोळा करून खेळायचे. दयेवर प्रवचन नव्हते. मोठ्यांचे वागणेच मुले पाहत होती.

जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे, हे आपले तत्त्वार्थसूत्रही सांगते. मग या चातुर्मासात पाठशाळेत नंबर काढण्याऐवजी ज्याला स्तोत्र येते त्याने शेजारच्याला शिकवावे, असे करून पाहू या का?